पकड कोणाची?

गेल्या वर्षीच्या गणपतीत आमच्या भागातल्या एका मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत सोळा वर्षांच्या एका मुलाचं कॉलरबोन मोडलं. मंडळाचं नाव घेत नाही. तुमच्यापैकी निम्म्यांना ते माहीत आहे, उरलेल्यांना कळून काही उपयोग नाही. मुलगा चढाई करून परतत होता. साखळीतल्या तिघांनी त्याला गाठलं. एकाने पाय अडवला, दुसऱ्याने कमरेला मिठी घातली, तिसऱ्याने मांडीखाली हात घालून उचललं आणि पुढच्या क्षणी पाय वर, खांदा खाली. पंचांनी शिट्टी वाजवून चढाईवाल्याला बाद दिलं. टाळ्या पडल्या, ढोलावर दोन टिपऱ्याही पडल्या. मग तो उठेना.

तिसऱ्या दिवशी मंडळाने तिघांची चौकशी समिती नेमली. एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही सगळे अजूनही नुसतं 'बाई' म्हणतो. दुसरे एक काका, तरुणपणी जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेले. तिसरा मी. माझी निवड का, तर "तू कॉम्प्युटरवाला, सगळ्यांच्या मोबाईलमधले व्हिडिओ तूच गोळा कर". बडोद्याच्या मराठी घरांत बी.ई. झालेल्या माणसाला प्रिंटर दुरुस्तीपासून पत्रिका छापण्यापर्यंत सगळं येतं असा एक समज आहेच. त्यात आता न्यायदानाची भर पडली.

खरं सांगायचं तर मला हे काम आवडलं होतं. कारण थोडं विचित्र आहे. मी ज्या टीमसाठी काम करतो ती सिडनीत बसते. त्यांचे सकाळचे अकरा म्हणजे हिवाळ्यात आपले साडेपाच, त्यामुळे तेव्हा मी स्वेटर घालून, चहाचा कप कॅमेऱ्याच्या बाहेर ठेवून त्यांच्याशी बोलतो. मार्च ते ऑक्टोबर ही मंडळी कामाआधी पाच मिनिटं फक्त एकाच विषयावर बोलतात: रग्बी लीग. आणि बुधवारी सकाळी तर सामन्यांवरही नाही, आदल्या संध्याकाळच्या सुनावणीवर. अमक्याला किती सामन्यांची बंदी झाली, तमक्याच्या वकिलाने काय सांगितलं. सुरुवातीला मला वाटायचं कोर्टातला कुठला तरी खून खटला चालू आहे.

रग्बी लीग म्हणजे आपण रग्बी म्हणतो त्याची धाकटी, कामगार वस्तीतली बहीण. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन वेगळी चूल मांडली. भांडण पैशाचं होतं. शनिवारी खेळायला गेलेल्या गिरणी आणि खाण कामगाराचा पगार बुडतो, तो भरून द्यायचा की नाही? दक्षिणेतले साहेब लोक नाही म्हणाले. पुढे या खेळात तेरा-तेरा खेळाडू झाले. सहा वेळा पकड झाली की चेंडू समोरच्यांना द्यायचा असा नियम आला. म्हणजे खेळाचा पायाच पकड. शंभर-शंभर किलोची माणसं सामनाभर एकमेकांना पकडून खाली पाडत असतात. पाडणं हाच खेळ असेल तर धोकादायक पाडणं कुठून सुरू होतं, हा प्रश्न तिथे रोज पडतो.

त्यांच्या लीगची पद्धत मला इंजिनिअर म्हणून भारी वाटते. सामने झाले की एक पुनरावलोकन समिती प्रत्येक सामन्याचं चित्रण बघते. मैदानावर पंचाने शिट्टी वाजवली होती की नाही, याच्याशी तिला कर्तव्य नाही. पंचाच्या नजरेतून सुटलेली पकडही आरोपपत्रात येऊ शकते. आरोपाला श्रेणी असते. हलका असेल तर दंड, जड असेल तर सामन्यांची बंदी. खेळाडूपुढे दोन वाटा: लगेच कबूल केलं तर शिक्षा कमी, लढून हरलात तर जास्त. लढायचं ठरलं तर मंगळवारी संध्याकाळी सुनावणी. दोन्ही बाजूंना वकील, निवाडा करायला माजी खेळाडू आणि अध्यक्षपदी कायद्याचा माणूस. मग एकेक फ्रेम थांबवून हात कुठे होता, गुडघा कधी टेकला, मान कुठल्या कोनात होती यावर वाद घालतात.

कबुलीची ती सवलत मात्र मला खटकते. निर्दोष माणूससुद्धा हिशेब करतो की लढून हरलो तर तीन सामने जातील, त्यापेक्षा हो म्हणून एक सोडून देऊ. आपल्याकडे ट्रॅफिक पोलिसाशी आपण असाच हिशेब करतो.

तर आमची समिती. पहिल्याच बैठकीत काकांनी विचारलं, "नियम कुठला लावायचा?" आणि बाईंनी त्यांना अडवलं. "अहो, नियम आपल्या गावात छापले होते. आपणच विचारतोय?"

बाईंचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. आपल्यातल्या तरुण मंडळींना हे माहीत नसेल म्हणून सांगतो. हुतूतू महाराष्ट्रात जागोजागी वेगवेगळ्या रीतीने खेळला जायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुणे-साताऱ्याकडे नियम घालायचे प्रयत्न झाले आणि १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम ठरवून प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्या नियमांनी अखिल भारतीय स्पर्धाही इथेच भरवली. प्रो कबड्डीच्या झगमगाटात आपल्या गावाचं नाव कुणी घेत नाही, पण टीव्हीवर जे दिसतं त्याच्या मुळाशी इथला कागद आहे. हे गाव असंच होतं. जुम्मादादा व्यायाममंदिर, राजरत्न माणिकराव, मराठीतला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश, सगळं इथलंच. अंगमेहनतीची गोष्टसुद्धा लिहून, छापून, सूची करून ठेवायची सवय या गावाला सयाजीराव महाराजांच्या काळापासून लागली असावी. माझ्या आजोबांच्या पिढीला तालमीत जाणं आणि लायब्ररीत जाणं ही एकाच संध्याकाळची दोन कामं वाटायची.

आज जे नियम चालतात त्यात पकडीबद्दल स्पष्ट लिहिलंय. चढाईवाल्याचा दम तुटावा म्हणून त्याचं तोंड दाबायचं नाही, गळा आवळायचा नाही, पायांची कैची घालायची नाही, इजा होईल अशी हिंसक पकड करायची नाही. तसं केलं तर चढाईवाला बाद नाही. शिवाय कार्ड आहेत. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर. म्हणजे आमच्या पंचांनी गुण दिला तिथेच पहिली चूक झाली होती. पण 'हिंसक' म्हणजे काय? उचलणं हिंसक आहे का? कबड्डीत चढाईवाल्याला उचलतातच, नाहीतर त्याचा पाय कसाही करून रेषेला पोचतो. प्रो कबड्डीत तर अशा पकडीचा रिप्ले तीन-तीनदा दाखवतात, वर संगीत.

इथे मी सिडनीवाल्यांकडून ऐकलेली गोष्ट समितीला सांगितली. २४ मार्च २०१४, मेलबर्न. न्यूकॅसल नाइट्सचा ॲलेक्स मॅकिनन चेंडू घेऊन धावला आणि मेलबर्न स्टॉर्मच्या तिघांनी त्याला धरलं: जॉर्डन मॅक्लीन आणि ब्रॉमविच बंधू. पकडीत तो उचलला गेला, उलटा झाला आणि डोकं-मान आधी जमिनीला लागली. मानेचे मणके मोडले. वय २२. आयुष्य व्हीलचेअरवर आलं. तिघांपैकी आरोप एकट्या मॅक्लीनवर ठेवला गेला, तोही नेहमीची श्रेणी न लावता थेट सुनावणीला. त्याच्या वकिलाने मांडलं की मॅकिननने मान आत घेतली नसती तर असं झालं नसतं, आणि पकडीत बाकी दोघेही होते. समितीने त्याला दोषी ठरवलं आणि सात सामन्यांची बंदी घातली. मॅकिनन पुन्हा कधी खेळला नाही. मॅक्लीन परतला, पुढे ऑस्ट्रेलियाकडूनही खेळला.

सात सामने. ऑस्ट्रेलियात तेव्हा एकीकडे 'एका आयुष्याच्या बदल्यात सात?' म्हणून लोक चिडले आणि दुसरीकडे 'अपघाताला शिक्षा?' म्हणूनही चिडले. पण त्यांच्या नियमाची भाषा बघा. खेळाडूला उचलून अशा स्थितीत आणलं की त्याचं डोकं किंवा मान जमिनीला आधी लागण्याची शक्यता आहे, तर ती धोकादायक फेक. लागलीच पाहिजे असं नाही. मोडलीच पाहिजे असं तर नाहीच. गुन्हा स्थितीत आहे, परिणामात नाही.

बाईंना हे पटलं. काकांना नाही. "हाड मोडलं नसतं तर आपण इथे बसलो असतो का?" त्यांनी विचारलं. याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ऑफिसात सर्व्हर बंद पडला की आम्ही एक अहवाल लिहितो. त्यात कुणाचं नाव घ्यायचं नाही असा नियम असतो, कारण नाव घेतलं की माणसं लपवायला लागतात. 'बदल तपासल्याशिवाय पुढे गेला' असं लिहायचं, 'अमक्याने पुढे ढकलला' असं नाही. मी समितीला हीच पद्धत सुचवली होती. बाई म्हणाल्या, "सर्व्हरला आई असते का?" त्या मुलाची आई रोज मंडपात येऊन बसत होती, काही न बोलता.

व्हिडिओ माझ्याकडे आले, एकूण एकतीस. निम्म्यांत मूर्तीच होती. कामाचे चार. त्यातल्या एकात, गॅलरीतून कुणाच्या तरी मावशींनी घेतलेल्या, सगळं स्वच्छ दिसत होतं. कमरेला धरणाऱ्याने फक्त धरलं होतं. मांडीखाली हात घालणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाने उचललं आणि खांद्याच्या उंचीवर नेऊन हात सोडले. मी तो तुकडा फ्रेमनिहाय कापला, वेळ टाकली, सिडनीच्या थाटात. रात्री अकराच्या सुमारास बाकीचे व्हिडिओ सहज चाळत होतो. रविवारच्या, म्हणजे अपघाताच्या तीन दिवस आधीच्या सामन्याचा एक सापडला. तिशी पार केलेल्यांचा प्रदर्शनी सामना. माझ्या बॅचमेटची चढाई. साखळीत तिघे. तिसरा हात मांडीखाली घालतो, उचलतो, खांद्यापर्यंत नेतो आणि सोडतो. बॅचमेट पाठीवर पडला, हसत उठला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. तिसरा मी होतो.

मी तो व्हिडिओ दोनदा बघितला. मग स्वतःला सांगितलं की आपल्याला नेमलंय ते बुधवारच्या सामन्यासाठी. रविवारचा विषय चौकशीच्या कक्षेत येत नाही. ऑफिसात हे वाक्य मी आठवड्यातून चारदा वापरतो. लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुनावणी. मंडळाच्या खोलीत, तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या इकडे, एक तिकडे. मुलगा वडिलांबरोबर आला. वडिलांना बाईंनी बाहेर बसवलं.

"हात कुठे घातलेस?" बाईंनी विचारलं.

"मांडीखाली."

"का?"

"त्याचा पाय रेषेला पोचत होता, बाई."

"मग सोडलंस का? खाली ठेवता आलं नसतं?"

तो गप्प. काकांनी जरा मऊ आवाजात विचारलं, "अरे, असं उचलायला शिकवलं कोणी तुला?"

मुलाने माझ्याकडे बघितलं. अपराधी नजरेने नाही, जरा गोंधळून. "रविवारी दादांनी केलं होतं ना. सगळे केवढे ओरडले. आम्ही दोन दिवस त्याचीच प्रॅक्टिस केली."

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. मी म्हणालो, "त्याचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. काल रात्रीच सापडला." बाईंनी विचारलं, "आणि तो तू आज आणला नाहीस?" मी नाही म्हणालो. त्यावर त्या चिडल्या नाहीत. शाळेत चिडायच्या, पट्टीसुद्धा काढायच्या. त्यांनी फक्त समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "मग तू तिकडे बस."

मी उठून त्या मुलाच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढली. बाईंनी मला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले. हात कुठे घातलेस? का? खाली ठेवता आलं नसतं? तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नव्हतं. खरं उत्तर असं की खाली ठेवलं असतं तर लोक ओरडले नसते.

याच्या काही महिने आधीची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. शिवराज राक्षेला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध चितपट दिलं. पाठ पूर्ण टेकलीच नव्हती असं त्याचं म्हणणं, त्या रागात त्याने पंचांची कॉलर धरली, लाथ मारली. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडनेही पंचांशी वाद घालून मॅट सोडलं. दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी. पुढे चौकशी समिती बसली, तिने पंचांचा निर्णयच चुकला असं म्हटलं आणि पंचांवरही तीन वर्षांची बंदी आली. लाथेचं समर्थन कुणीच करणार नाही, मीही नाही. पण शिक्षा आधी आणि चौकशी नंतर, असा उलटा क्रम झाला. त्या वेळी आमच्या घरच्या ग्रुपवर मी या विषयावर मोठा लेखच लिहिला होता: आधी ऐकून घ्यायला हवं, चित्रण बघायला हवं, पंच असो की पैलवान, एकच माप हवं. बायकोने त्या रात्री तो मेसेज शोधून माझ्यासमोर धरला. काही बोलली नाही. या घटनेत न बोलणाऱ्या बायका फार आहेत.

माझ्या जागी समितीत एक डॉक्टर आल्या आणि निर्णय झाला. कमरेला धरणारा आणि पाय अडवणारा निर्दोष. उचलणाऱ्या मुलाला पुढच्या वर्षीच्या सगळ्या सामन्यांची बंदी. मला तीच, तेवढीच. काका म्हणाले, "याच्या पकडीत तर कुणाला काही झालं नाही." बाईंनी माझंच वाक्य त्यांना ऐकवलं: गुन्हा स्थितीत आहे, परिणामात नाही. शिवाय व्हिडिओ दडवल्याबद्दल माझं समितीतलं नाव कायमचं काढलं, ते वेगळं. कबुलीची सवलत मिळाली नाही, कारण मी कबूल केलं ते मुलाने सांगितल्यावर. पंचांना शिक्षा नाही, पण यंदा स्पर्धेआधी सगळ्या पंचांना एक संध्याकाळ नियम वाचून दाखवायचं ठरलं. औषधाचा खर्च मंडळाने केला. मोडलेल्या हाडाच्या मुलाच्या वडिलांना हा निर्णय अपुरा वाटला, उचलणाऱ्याच्या वडिलांना जास्त. दोघे अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत. खंडेराव मार्केटात समोरासमोर आले तर एक जण भाजीकडे बघतो.

हे निर्णयपत्र बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून मंडळाच्या फळ्यावर लावलं. माझं नाव तिसऱ्या ओळीत, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आठ दिवस ते तिथे होतं. दूधवाल्यापासून भटजींपर्यंत सगळ्यांनी वाचलं. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने अक्षरं जुळवून वाचलं आणि विचारलं, "बाबा, बंदी म्हणजे काय?" तिला सांगितलं की बाबा एक वर्ष खेळणार नाही. "मग मी तुझ्या जागी खेळू?" ती म्हणाली.

सिडनीच्या टीमला मी हे सगळं एका बुधवारी सांगितलं. त्यांना कबड्डी समजावण्यातच दहा मिनिटं गेली. एका श्वासात तोच शब्द म्हणत समोरच्या हद्दीत जायचं, हे त्यांना थट्टा वाटत होतं. पण फळ्यावरच्या कागदापाशी आल्यावर ते गप्प झाले. एक जण म्हणाला की आमच्याकडे पुनरावलोकन समितीतलाच कोणी आरोपी निघाल्याचं त्याने तरी ऐकलेलं नाही.

यंदाच्या गणपतीत मी गुणलेखकाच्या टेबलाशी होतो. शेजारच्या खुर्चीवर तोच, आता अठरा वर्षांचा झालेला मुलगा, घड्याळ सांभाळायला. आमच्यात फार बोलणं झालं नाही. लोण झाल्यावर मी दोन गुण टाकायला विसरलो तेव्हा त्याने पेन्सिलीने दाखवलं, एवढंच. पंच नवे होते आणि जरा जास्तच कडक. पहिल्या तीन सामन्यांत पाच हिरवी कार्ड निघाली. प्रेक्षक कंटाळून "बस ने हवे!" असं ओरडत होते.

उपांत्य सामन्यात कॉलरबोन मोडलेला मुलगा खेळायला उतरला. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, आईने नव्हती. त्याची पहिली चढाई पुकारली तशी ती उठून पटांगणाच्या फाटकाशी गेली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. सामना संपेपर्यंत ती तशीच उभी होती. दर वेळी शिट्टी वाजली की आमच्या टेबलाकडे वळून विचारायची, "उठला का?" आणि घड्याळवाला मुलगा मोठ्याने सांगायचा, "उठला, काकू."